वखारीतल्या बाई

कुरुळीत येऊन शालनबाईंचं घर विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. त्यांच्या नवऱ्याच्या, सोपानरावांच्या खोल्या विचारा, मग टपरीवरचा चहावाला हातातलं भांडं खाली ठेवून रस्त्यापर्यंत येईल आणि बोट करून दाखवेल. तीन मजले, मजल्यामजल्याला गॅलरी, गॅलरीत ओळीनं दारं आणि एकेका दारामागं एकेक संसार. कोणी जिंतूरचा, कोणी औशाचा, कोणी पार चिपळूणचा. सगळे शिफ्टवर जाणारे. गेटातून आत शिरलं की उजव्या हाताला पत्र्याची जुनी वखार दिसते. सोपानरावांच्या वडिलांच्या काळात तिच्यात कांदा असायचा, आता पोरं असतात. सरकारदरबारी ती अंगणवाडी. गाव तिला खिचडीची शाळा म्हणतं, आणि असं म्हणणारे निम्मे लोक त्याच खिचडीवर वाढलेत.

शालनबाई मूळच्या पुनावळ्याच्या. तेव्हा पुनावळे हे गाव होतं, म्हणजे तिथं गोठे होते आणि माणसं एकमेकांना नावानं ओळखायची. दहावी पास होऊन त्या कुरुळीला सून म्हणून आल्या. सुनेचं दहावी पास असणं पाव्हण्यारावळ्यांत सांगायला बरं होतं, वापरायला नव्हे. गावात अंगणवाडी निघाली आणि शालनबाईंनी सेविकेच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा सासरे भडकले. "घरात काय कमी पडलंय म्हणून दुसऱ्याची शेंबडी पोरं पुसाया जायचं?" पण सरकारनं सेविका दिली तरी खोली काही दिली नाही. मग सासऱ्यांनीच स्वतःची वखार देऊ केली. सून गावभर फिरण्यापेक्षा आपल्या दारात बसलेली बरी, असा त्यांचा हिशेब. गावानं मात्र त्यांच्या दानशूरपणाचा सत्कार केला, नारळ दिला, फेटा बांधला.

सुरुवातीला खेडला एक प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या एका बाईंनी सांगितलं होतं की मूल पहिलीत येतं सहाव्या वर्षी, पण पुढं बसणार की मागं, हे त्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं. शालनबाईंना ते वाक्य तेव्हा फारसं कळलं नव्हतं. पोरं हाताखालून गेली तसं कळत गेलं. ज्याच्याशी घरात कोणी बोलतं, गोष्ट सांगतं, "हे काय रं" म्हणून विचारतं, ते पोर शाळेत गेल्यावर घाबरत नाही. ज्याच्याशी बोलायला कोणाला सवड नाही, ते पहिल्या दिवशी मागच्या भिंतीला टेकतं आणि बहुतेक वेळा तिथंच राहतं. म्हणून त्यांनी वखारीत एकच गोष्ट लावून धरली, बोलायचं. वाटाणे निवडता निवडता, हात धुता धुता, भांडता भांडता. पाटीवर रेघा ओढायला त्या लावायच्या नाहीत, आणि त्यावरून आया कुरकुरायच्या. "आमचं पोरगं तिथं जाऊन नुसतं बडबडाया शिकलं." यात तक्रार कसली ते शालनबाईंना कधी समजलं नाही.

पहिली काही वर्षं गावकीचीच पोरं होती. त्यांचा स्वतःचा मुलगा रणजीतही त्याच गोणपाटावर बसला. मग कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, पैसा आला, बंगले झाले, आणि बंगल्यांपाठोपाठ पिवळ्या व्हॅन आल्या. आधी सरपंचांचा नातू व्हॅनमध्ये बसला. मग ज्यांना सरपंचांपेक्षा कमी दिसायचं नव्हतं त्यांची पोरं बसली, आणि शेवटी ज्यांना परवडत नव्हतं त्यांचीही बसली. दोन-तीन पावसाळ्यांत गावातलं एकही पोर वखारीत उरलं नाही. जागा भरल्या त्या भाडेकरूंच्या लेकरांनी. एका गावात दोन प्रकारची बालपणं सुरू झाली, आणि ते कोणाला खुपलंसुद्धा नाही. उलट "गाव सुधारलं" असं लोक म्हणू लागले.

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. कुरुळीत काय आणि आजूबाजूच्या गावांत काय, भाडेकरू ठेवायचा तो अकरा महिने. करार अकरा महिन्यांचा असतो हे सगळीकडंच आहे, पण दुसरीकडं तो नवा करतात. इथं माणूसच नवा करतात. एकाच खोलीत जास्त राहिला की तो मुळं धरतो, हक्क सांगतो, ही भीती जमीन विकलेल्या माणसाच्या मनात अशी बसली आहे की विचारू नका. ज्यांनी बापजाद्यांची एकरांनी शेती एका सहीत सोडली, ते दहा बाय दहाच्या खोलीसाठी जीव टाकतात. त्यामुळं बिऱ्हाडं कुरुळीतून चिखलीत, चिखलीतून आणखी कुठं अशी फिरत राहतात, आणि बिऱ्हाडाबरोबर पोरं.

म्हणजे व्हायचं काय, की जूनमध्ये आलेलं बुजरं लेकरू दिवाळीपर्यंत तोंड उघडायचं, संक्रांतीला गाणी म्हणायचं, आणि चैत्रात टेम्पोत बसून निघून जायचं. शालनबाईंनी पेरायचं आणि त्यांच्याच घरानं उपटायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि शालनबाईंनी ब्र काढला नाही. त्या खोल्यांवरच घर चाललं होतं, हातातल्या पाटल्या त्यातूनच झाल्या होत्या, आणि बोलून काय होणार हेही त्यांना माहीत होतं. राग यायचा तो त्या मदतनीस गोजाबाईंवर काढायच्या. खिचडीत मीठ कमी पडलं की वखार दणाणायची.

मग दिव्या आली.

दिव्याचा बाप किसन सीट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडं होता, आई जयमाला पॅकिंगला जायची. जिंतूरकडचं जोडपं, कामाला वाघ. आधीच्या खोलीत ते पोरीला मोबाइल देऊन आत ठेवायचे आणि बाहेरून कडी लावायचे. शेजारीण खिडकीतून अधूनमधून डोकावायची. ऐकून अंगावर काटा येतो, पण दोघांच्या शिफ्ट एकावेळी लागल्या की दुसरं काय करणार, हेही कोणी सांगत नाही. पोरगी पाचव्या वर्षात होती आणि बोलत नव्हती. हवं ते बोटानं दाखवायची, नाही मिळालं तर जमिनीवर डोकं आपटायची.

"मुकी हाय जणू," गोजाबाई म्हणाल्या.

"मुकी न्हाई. तिला कुणी बोलूच दिलं न्हाई," शालनबाई म्हणाल्या.

त्यांनी तिला नाव विचारलं नाही, गाणं म्हण म्हणाल्या नाहीत. नुसतं शेजारी बसवून घेतलं आणि स्वतः बोलत राहिल्या. ही शेंग बघ कशी किडकी निघाली. ही बघ, हिच्यात चार दाणे. पावसाळा संपला, नवरात्र आलं, पोरगी गप्प. मग एका दुपारी खिचडीचा टोप उतरला, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून बारीक पण करडा आवाज आला, "गोजे, मीठ टाकलं का?"

वखारीत सगळे हसले. शालनबाई हसल्या आणि रडल्याही. त्या दिवसानंतर दिव्या थांबलीच नाही. आजीची शेळी, एसटीत झालेली उलटी, बापाच्या हातावरचा डाग, सगळं सांगायची. आणि प्रत्येक गोष्टीला तिचं "कामून" असायचं. पाऊस वरूनच कामून पडतो? गोजाबाईचे दात कामून पडले? खोटं बोललं तर पकडायची. गोष्टीतला कोल्हा काल हरला होता, आज कामून जिंकला, म्हणून भांडायची. एवढ्या वर्षांत शालनबाईंच्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली होती, पण ही पोरगी पहिलीत पुढच्या बाकावर बसणार याची त्यांना खात्रीच पटली. फक्त आणखी एक वर्ष हवं होतं. एक वर्ष इथं, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण स्वतः बोट धरून नेऊन बसवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

घरात त्यांचा नातूही त्याच वयाचा होता. गणराज. तो अर्थातच व्हॅनमधून जायचा. त्याला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा शालनबाईंनी स्वतः गल्लीत पेढे वाटले होते, आणि पुनावळ्याच्या भावाला फोन करून शाळेचं नाव दोनदा सांगितलं होतं. रोज सकाळी त्या त्याच्या बुटाचे बंद लावायच्या, टाय सारखा करायच्या, व्हॅनमध्ये बसवायच्या आणि ती वळेपर्यंत हात हलवायच्या. संध्याकाळी गणराज चार रेघी वहीत अक्षरं काढायला बसायचा आणि रडायचा. त्याच्या शाळेत मराठी बोलल्यावर भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. अलीकडं तो अंथरूण ओलं करू लागला होता. दुपारी व्हॅनमधून उतरला की दप्तर गेटात टाकून पहिला वखारीत पळायचा, दिव्याच्या ताटातली खिचडी खायचा आणि तिच्याशी कडाकडा भांडायचा. तेवढा वेळच तो माणसात असायचा. शालनबाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. पण सून सायली शिकलेली, व्याही चार माणसांत वावरणारे. आणि खोल्यांच्या मालकाचा नातू भाडेकरूंच्या पोरांत बसवला तर गावात तोंड कुठं दाखवायचं? तेव्हा डोळ्यांना दिसत होतं ते त्यांनी मनापर्यंत जाऊ दिलं नाही.

एकदा गणराजनं जेवताना आईला विचारलं, "भेंडी कामून खायची?" सायलीचा घास हातातच राहिला. "आई, त्याला खाली नका ना जाऊ देत जाऊ. ती भाषा लागतेय त्याला," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तो पळत आला तेव्हा शालनबाईंनी त्याला हाकलून दिलं नाही.

चैत्र आला. गावची यात्रा तोंडावर आली आणि किसनचे अकरा महिने भरत आले. रणजीतनं गॅलरीत जाऊन खोली सोडायला सांगितलं, जयमाला "बरं" म्हणाली. त्या दुपारी शालनबाई नवऱ्यापुढं उभ्या राहिल्या.

"अवो, किसनला अजून एक साल राहू द्या."

"का? काय नातं लागतं तुझं?" सोपानराव पेपरातून वर न बघता म्हणाले.

"त्याच्या पोरीपायी म्हणते मी. आत्ता कुठं तोंड उघडलंय तिनं. मधीच उचलली तर पुन्हा कडीकुलपात जाईल."

रणजीत बाहेरून आला होता. "आई, एकाला सूट दिली की सगळी बिल्डिंग दारात येईल. तुला कळत नाही. मुळं धरतात लोकं."

"मग म्या खाली बसून दुसरं काय करते? पोरांनी मुळं धरावीत म्हणूनच बसलीया न्हवं तिथं!"

सोपानरावांनी आता पेपर बाजूला ठेवला. "तुझी आंगणवाडी कुणाच्या वखारीत हाय, तेवढं ध्यानात असू दे."

हे वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारायची गरज पडली नव्हती. शालनबाई आत गेल्या, पदर खोचला आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "मग यात्रेच्या पुरणाला दुसरी बाई बघा."

ज्यांना कुरुळी माहीत नाही त्यांना यात काय मोठंसं वाटेल. पण यात्रेला सोपानरावांच्या घरी पुनावळ्यापासून पाव्हणे यायचे, व्याही यायचे, बैलगाड्यांच्या शर्यतीवाले मित्र यायचे, आणि ते शालनबाईंच्या हातच्या पुरणपोळीचं नाव काढत यायचे. आचारी बोलावून पोळ्या घातल्या असत्या तर गावात महिनाभर चर्चा झाली असती की सोपानरावाच्या घरात काहीतरी बिनसलंय. बापलेकांना वाटलं, म्हातारी निवळेल. म्हातारी निवळली नाही. यात्रेच्या आदल्या सकाळी घरात किलो किलो डाळ तशीच पडलेली, आणि शालनबाई वखारीत पोरांना घेऊन चिऊकाऊची गोष्ट सांगताहेत. सायलीनं मोबाइलवर पुरणाची कृती लावून बघितली आणि बंद केली.

दहा वाजता सोपानराव वखारीच्या दारात आले. अंगणवाडी झाल्यापासून ते कधी दारात आले नव्हते. पोरं त्यांच्या मिशांकडं बघू लागली.

"राहू दे त्या जिंतूरकराला," ते पत्र्याकडं बघत म्हणाले. "एक साल. ऊठ आता."

शालनबाई उठल्या. त्या दिवशी त्यांनी पुरण वाटलं ते एखाद्या पोरीच्या जोमानं. उभ्या जन्मात घरातली एक लढाई त्या जिंकल्या होत्या, आणि तीसुद्धा परक्या लेकरासाठी. या सगळ्या भांडणात एक गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नाही. मालकांनी मालकिणीशी वाद घातला, मालकिणीनं मालकांना नमवलं, पण ज्यांच्यासाठी हे भांडण होतं त्यांना राहायचं आहे का, हे विचारायला कोणी जिना चढलं नाही. भाडेकरूला कधी विचारायचं असतं का?

यात्रेच्या दुपारी पाव्हण्यांच्या पंगती उठल्यावर शालनबाई ताटात पोळ्या आणि वर तुपाची धार घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. दार उघडं होतं. गॅसची शेगडी पोत्यात बांधलेली, भांडी टबात, अंथरुणांची वळकटी. किसन दोरी आवळत होता. दिव्या वळकटीवर बसली होती. शालनबाई हसल्या.

"सोडा ते सामान. तुमाला कुठं जायचं न्हाई. मी बोललेय घरात. अजून वरीसभर राहा."

किसननं बायकोकडं पाहिलं. जयमाला ताट घ्यायला पुढं आली.

"बाई, तुमी आमच्यासाठी घरात भांडलात, खाली सगळे बोलायलेत. उपकार झाले. पण आमी जायलोत."

"कुठं?"

"चिखलीला. दिव्याचं नाव घातलं तिथं. इंग्लिश मीडियम हाय. खोलीच्या खालीच गाळ्यात हाय, टाय हाय, बूट हायेत."

शालनबाईंनी कपाळाला हात लावला. मग जयमालाचा दंड धरून त्यांनी सगळं सांगितलं, जितकं येत होतं तितकं. या वयात पोराला बोलू द्यायचं असतं, रांगेत बसवून वही पुढं टाकायची नसते. त्या गाळ्यात तिला एबीसीडी घोकायला लावतील, मराठी बोलली की गप्प करतील. ही पोरगी हुशार आहे, पण हिचं बोलणं आताशी उगवलंय, कोवळं आहे. एक वर्ष दे मला, मी तिला पहिलीत स्वतः नेऊन बसवते, मोठी झाल्यावर तुला कळेल मी काय म्हणत होते. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

जयमालानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मी काही शिकलेली नाही, बाई. फर्स्ट शिफ्ट नसली की मी सकाळी हितं गॅलरीत उभी ऱ्हाते. तुमी गणराजला बूट घालता, टाय नीट करता, गाडीत बसवता. हात करता. मग माघारी फिरून वखारीचं कुलूप काढता अन् आमच्या लेकरांना हाका मारता. मी रोज बघते. मी यांना म्हणलं, बाईंना लेकरातलं सगळं कळतं. त्या त्यांच्या लेकराचं जे करतात, ते आपण आपल्या लेकराचं करावं."

"अगं, तसं न्हाई ते..."

"मग कसं हाय?" जयमालानं विचारलं, आणि ती खरंच विचारत होती. "तुमी म्हणता ते खरं असंल. मी मानते. मग असं करा, सोमवारपासून गणराजला खाली वखारीत बसवा, आमच्या दिव्याशेजारी. मी आत्ता सामान सोडते. टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणते."

किसनचा दोरीवरचा हात थांबला. दिव्यानं मान वर केली आणि म्हणाली, "गणराज रोज येनार?"

खाली मांडवात सायलीचे आईवडील पान खात बसले होते. सोपानराव त्यांना गणराजची इंग्रजी कविता ऐकवत होते, म्हणजे गणराज म्हणत होता आणि आजोबा मान डोलावत होते. आवाज जिन्यातून वर येत होता. शालनबाईंनी तोंड उघडलं. नवऱ्याला त्यांनी पुरणावरून नमवलं होतं, पोराला गप्प केलं होतं. एक "व्हय" म्हणायचं होतं.

"त्याची पुढच्या सालची फी भरलीया गं," त्या म्हणाल्या.

"आमचीबी भरलीय, बाई," जयमाला म्हणाली.

तिनं पोळ्या डब्यात काढून घेतल्या, ताट विसळलं, पदरानं पुसलं. मालकिणीचं ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून तिनं बांधलेलं एक गाठोडं पुन्हा सोडलं, साखरेचा डबा शोधून काढला आणि ताटात चिमूटभर साखर ठेवून ते शालनबाईंच्या हातात दिलं.